छपरावरची वीज आणि तारांचा खर्च
नव्या तंत्रज्ञानाने वीज नियमनापुढे ठेवलेला हिशेब. लहान राज्याने तो वेळीच मांडायला हवा

गोव्यातील विजेचा दर पर्वरीच्या मंत्रालयात ठरत नाही आणि विधानसभेतही ठरत नाही. वीज खाते प्रस्ताव सादर करते आणि गुरुग्राम येथे मुख्यालय असलेला संयुक्त वीज नियामक आयोग जनसुनावणी घेऊन त्यावर आदेश देतो. बहुतेक ग्राहकांच्या लेखी या आदेशाचा अर्थ एवढाच असतो, की बिलात यंदा किती भर पडणार. येत्या काही वर्षांत मात्र याच आदेशांतून आणखी बरेच काही ठरणार आहे. शेजाऱ्याच्या छपरावर तयार होणाऱ्या युनिटला काय भाव मिळावा, धुलाईयंत्र दुपारी लावणे स्वस्त पडावे की रात्री, घरातील वीजवापराची तपशीलवार नोंद कोणाच्या हाती असावी आणि गावातल्या खांब-तारांचा खर्च शेवटी कोणी सोसावा, हे सारे प्रश्न आता नियामकाच्या दारात येऊन उभे आहेत. ते तेथे राजकारणाने आणलेले नाहीत. सौर पॅनेल, स्मार्ट मीटर आणि बॅटरी या तीन वस्तूंनी ते आणले आहेत.

एकाच दिशेने वाहणारी व्यवस्था

भारतातील स्वतंत्र वीज नियमनाचा आरंभ १९९६ मध्ये ओडिशाने केला. १९९८ च्या कायद्याने केंद्रीय व राज्य नियामक आयोगांची चौकट आखली आणि २००३ च्या वीज कायद्याने ती पक्की केली. या कायद्याच्या कलम ८३ मध्ये एकापेक्षा अधिक सरकारांना मिळून एकच आयोग नेमण्याची सोय आहे. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग त्याच तरतुदीतून आला.

ही चौकट आखली गेली तेव्हा विजेचा प्रवास सरळ होता. कोळशाच्या, पाण्याच्या किंवा अणुशक्तीच्या केंद्रात वीज तयार व्हायची, उच्चदाब वाहिन्यांतून उपकेंद्रात यायची, तेथून रोहित्रामार्गे घरात पोहोचायची. ग्राहक फक्त वापरणारा होता. मीटर महिन्यातून किंवा दोन महिन्यांतून एकदा वाचला जायचा. सकाळचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांत मीटरला फरक कळत नसे. म्हणून दरालाही तो कळण्याचे कारण नव्हते. आयोगाचे काम मुख्यतः हिशेबतपासणीचे होते: वितरकाचा वर्षाचा वाजवी खर्च ठरवायचा, त्याला अपेक्षित विक्रीने भागायचे आणि येणारी सरासरी ग्राहकांच्या वर्गांत वाटून द्यायची. उद्योग आणि व्यावसायिकांकडून थोडे अधिक घ्यायचे, लहान घरगुती ग्राहकाला थोडे कमी लावायचे. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. ती हळूहळू कमी करत न्यावी, असे कायद्याचे कलम ६१ सांगते. तरीही प्रत्यक्षात बहुतेक राज्यांची दररचना तिच्याच आधारावर उभी आहे.

या रचनेत एक गोष्ट दडलेली होती. खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्मचारी यांचा खर्च विक्री घटली म्हणून घटत नाही. मात्र त्याची वसुली मोठ्या प्रमाणात विकलेल्या युनिटांमागे होते. बिलातील स्थिर आकार बहुतेक ठिकाणी या खर्चाच्या मानाने तोकडा असतो. विक्री दरवर्षी वाढत होती तोवर ही विसंगती झाकून गेली. विक्री वाढायचे थांबले, किंवा पैसे देणारा ग्राहकच बाहेर पडू लागला, की ती उघडी पडते.

पहिला धक्का छपरावरून

सौर विजेच्या किमती ज्या वेगाने उतरल्या, त्याची कल्पना धोरणकर्त्यांनाही नव्हती. २०१० च्या सुमारास भारतातील सौर प्रकल्पांच्या लिलावात युनिटमागे दहा रुपयांहून अधिक बोली लागत असे. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात ती २ रुपये ४४ पैशांवर आली. छपरावरील संच एवढे स्वस्त नसतात, पण दिशा तीच राहिली. त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळते.

नियमही त्याच दिशेने सैल झाले. २०२० च्या अखेरीस केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. त्यांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या छपरावरील संचासाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट उरली नाही. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण जाळे बळकट करावे लागले, तर तो खर्च वितरकाने करायचा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हे सारे स्वागतार्हच आहे. परवानगीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालण्याचे दिवस त्यामुळे संपावेत, ही अपेक्षा रास्त आहे.

अडचण पुढे आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. गोव्याच्या पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. तीन किलोवॅटचा संच चांगल्या महिन्यात साडेतीनशे युनिटांपर्यंत जातो. समजा, एखाद्या घराचा वापरही तेवढाच आहे. नेट मीटरिंगच्या पद्धतीत दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट यांची वजाबाकी होते आणि विजेचे बिल जवळजवळ शून्यावर येते. पण या घराने ग्रीड वापरले नाही, असे मुळीच नाही. दुपारी घर रिकामे असताना बहुतांश वीज बाहेर गेली आणि संध्याकाळी दिवे, पंखे, वातानुकूलन यांसाठी तेवढीच वीज आत आली. म्हणजे तारांचा वापर दोन्ही दिशांनी झाला, परंतु तारांचा खर्च युनिटांच्या दरात मिसळलेला असल्यामुळे वजाबाकीत तोही पुसला गेला.

हा पुसला गेलेला खर्च नाहीसा होत नाही. पुढच्या दर आदेशात तो इतर ग्राहकांच्या वाट्याला येतो. हे इतर ग्राहक कोण, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. स्वतःच्या मालकीचे, मोकळ्या छपराचे घर आणि हाताशी थोडी गुंतवणूक असलेला ग्राहक सौर संच बसवू शकतो. मडगाव किंवा वास्को येथील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे कुटुंब तो बसवू शकत नाही. दोन खोल्यांचे कौलारू घर असलेल्यालाही तो सहज परवडत नाही. शिवाय ज्यांचा वापर मोठा, ज्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो, तेच प्रथम सौर विजेकडे वळतात. कारण त्यांचीच बचत सर्वांत जास्त असते. क्रॉस सबसिडीचा भार उचलणारेच अशा रीतीने आधी बाहेर पडतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया या वळणावरून आधी गेला आहे. तेथील नियामकाने डिसेंबर २०२२ मध्ये नेट मीटरिंगची उदार पद्धत नव्या ग्राहकांसाठी बंद केली. एप्रिल २०२३ पासून ग्रीडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटला. परिणामी नव्या संचांची मागणी एकदम कोसळली आणि बसवणाऱ्या अनेक लहान कंपन्या अडचणीत आल्या. या अनुभवाचे दोन धडे आहेत. पहिला, हिशेब फार काळ लांबणीवर टाकता येत नाही. दुसरा, उशिरा केलेली दुरुस्ती धक्कादायक ठरते आणि नियमांवरचा लोकांचा विश्वास घालवते.

घड्याळाला आलेले मोल

दुसरा बदल वेळेचा आहे. दुपारी बाराच्या उन्हात देशभर सौर वीज मुबलक असते आणि वीज बाजारातील भाव घसरतात. सूर्य मावळला की तीच वीज महाग होते, कारण मागणी चढती असते आणि पुरवठ्यासाठी पुन्हा कोळसा, पाणी किंवा साठवणीकडे वळावे लागते. दिवसभराच्या सरासरीवर बेतलेला दर हे वास्तव लपवतो.

म्हणून जून २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आणले. दहा किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळता उर्वरित ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत त्यात होती. उन्हाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा. गर्दीच्या तासांतील दर व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के, तर इतरांना किमान १० टक्के अधिक असावा, अशी ही योजना आहे. कोणते तास उन्हाचे आणि कोणते गर्दीचे, हे मात्र राज्याच्या आयोगाने ठरवायचे आहे.

विचार योग्य आहे, पण त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. बर्फाचा कारखाना किंवा पाणी उपसणारी यंत्रणा आपले काम दुपारकडे सरकवू शकते. हॉटेलला ते अंशतः जमते. परंतु दिवसभर नोकरीवर असणाऱ्या दांपत्याचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि रात्रीचा पंखा यांची वेळ बदलता येत नाही. वापर हलवण्याची मुभा ही एक प्रकारची संपत्तीच आहे. ती ज्याच्याकडे नाही, त्याला वेळेनुसार दर म्हणजे केवळ संध्याकाळची दरवाढ वाटेल. महाराष्ट्रात २०२५ च्या मार्चअखेर आलेला दर आदेश काही दिवसांतच स्थगित झाला आणि जूनमध्ये सुधारित आदेश काढावा लागला. उन्हाचे तास कोणते धरायचे आणि सौर ग्राहकाने दुपारी दिलेली वीज कोणत्या वेळच्या वापरातून वजा करायची, यांवरचा वाद त्यात मोठा होता. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या तासांच्या तक्त्यात किती जणांचे अर्थकारण गुंतले आहे, हे त्यातून दिसले.

मीटर काय सांगतो आणि कोणाला

वेळेनुसार दरासाठी वेळेची नोंद ठेवणारा मीटर लागतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या, ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांच्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे लक्ष्य ठेवले गेले. मीटर वाचायला माणूस न पाठवणे, गळती नेमकी कुठे आहे हे शोधणे, थकबाकी रोखणे हे वितरकाचे लाभ स्पष्ट आहेत. ग्राहकाचे लाभ तेवढ्या स्पष्टपणे कोणी मांडले नाहीत आणि तेथेच ठिणगी पडली.

मे २०२४ मध्ये वडोदऱ्यात, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, प्रीपेड मीटरांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. शिल्लक अनपेक्षित वेगाने संपते, ही मुख्य तक्रार होती. जुन्या मीटराशी ताडून पाहण्यासाठी पडताळणी मीटर बसवण्याचा मार्ग प्रशासनाला घ्यावा लागला. जून २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. वास्तविक २०२३ च्या दुरुस्तीत ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आहेत. स्मार्ट मीटरने दाखवलेल्या कमाल मागणीच्या आधारे मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही. आर्थिक वर्षात मंजूर भार किमान तीनदा ओलांडला गेल्याशिवाय तो वाढवता येत नाही. या तरतुदी किती ग्राहकांना सांगितल्या गेल्या, हा प्रश्न प्रत्येक वितरकाला विचारण्याजोगा आहे.

त्याहून खोलवरचा प्रश्न माहितीचा आहे. ठरावीक मिनिटांनी होणारी नोंद घरातील दिनक्रम सांगते: माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, घर किती दिवस बंद आहे. गोव्यात याला विशेष अर्थ आहे. परदेशी किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या कुटुंबांची, वर्षातून एकदा चतुर्थीला किंवा नाताळाला उघडणारी घरे येथे गावोगाव आहेत. त्यांच्या मीटरची नोंद चुकीच्या हाती पडली, तर कोणते घर रिकामे आहे याची आयती यादीच तयार होते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवले होते आणि तेथे ते ऐच्छिक करावे लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र मीटरची माहिती कोणी, किती काळ आणि कशासाठी ठेवावी, हे ग्राहकाला कळेल अशा भाषेत सांगणे हे वीज नियमनाचेच काम आहे.

साठवण आणि वाहने

तिसरी वस्तू अजून पुरती घरात आलेली नाही, पण उंबरठ्यावर आहे. लिथियम बॅटरीच्या किमती २०१० च्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आहेत. बॅटरी ही जुन्या कायद्याच्या कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. भरताना ती ग्राहक असते, रिकामी होताना निर्मितीकेंद्र. विजेवरील वाहनांच्या बाबतीत असाच पेच होता. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री मानली, तर प्रत्येक चार्जिंग केंद्राला वितरणाचा परवाना लागला असता. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ती विक्री नसून सेवा असल्याचे स्पष्ट केले आणि एका परिपत्रकाने मोठा अडसर दूर झाला. नियम वेळेवर स्पष्ट केला तर तंत्रज्ञानाची वाट किती सोपी होते, याचे हे उदाहरण आहे.

मोठ्या ग्राहकांसाठीही दारे उघडली आहेत. बाहेरून थेट वीज घेण्यासाठी पूर्वी एक मेगावॅटची मर्यादा होती. जून २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती शंभर किलोवॅटवर आणली. म्हणजे वेर्णे किंवा कुंडई येथील मध्यम कारखान्यालाही आता वीज खात्याखेरीज दुसरा विक्रेता निवडता येऊ शकतो. त्यात ऑक्टोबर २०२५ च्या वीज कायदा दुरुस्ती मसुद्याने आणखी पुढचे पाऊल सुचवले. एकाच जाळ्यावरून अनेक वितरकांनी वीज विकावी आणि उत्पादन उद्योगांवरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपवावा, असे त्यात होते. छपरावरून घरगुती श्रीमंत ग्राहक आणि खुल्या प्रवेशातून उद्योग, असे दोन्हीकडून पैसे देणारे निघाले, तर लहान ग्राहकाच्या सवलतीचा आधार कोणता, याचे उत्तर त्या बदलाआधीच तयार हवे.

लहान राज्याची अडचण

गोव्याची स्थिती येथे वेगळी ठरते. राज्यात स्वतःची अशी मोठी वीजनिर्मिती नाही. केंद्रीय प्रकल्पांतील वाटा महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या बाजूने येणाऱ्या वाहिन्यांतून मिळतो. नवी वाहिनी टाकणे किती कठीण आहे, हे मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तमनार प्रकल्पाच्या वादाने दाखवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा मार्ग तोडण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या वाहिनीच्या पट्ट्याचा विचार करण्याची केंद्रीय सक्षम समितीची शिफारस मान्य केली. बाहेरून वीज आणण्याची वाट अशी अरुंद असताना, राज्याच्या छपरांवर तयार होणारे प्रत्येक युनिट मोलाचे आहे. त्यामुळे सौर वीज रोखणे हा गोव्यापुढचा पर्यायच नाही. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत टिकवणे हा पर्याय आहे.

दुसरीकडे वितरण हे सरकारी खात्याकडे आहे. म्हणजे दरातून न निघालेला खर्च शेवटी राज्याच्या तिजोरीवर येतो, आणि तिजोरीत सौर संच नसलेल्या करदात्याचाही वाटा असतो. याच आयोगाच्या कक्षेतील दादरा-नगर हवेली व दमण-दीव येथील वितरण २०२२ मध्ये आणि चंदीगडचे २०२५ मध्ये खासगी कंपन्यांकडे गेले. गोव्याने तो मार्ग धरावा की नाही हा स्वतंत्र वाद आहे. परंतु वितरक सरकारी असो वा खासगी, तारांच्या खर्चाचा हिशेब टळत नाही.

हिशेब उघडपणे मांडणे

या साऱ्याचा निष्कर्ष सौर विजेविरुद्ध किंवा स्मार्ट मीटरविरुद्ध काढणे चुकीचे होईल. चूक तंत्रज्ञानात नाही. वेगवेगळ्या गोष्टींचा खर्च एकाच दरात कोंबण्याच्या जुन्या सवयीत आहे. विजेचा भाव आणि तारांचे भाडे बिलात वेगळे दिसले, तर छपरावर वीज करणाऱ्यालाही आपण कशाचे पैसे देतो ते कळेल आणि न करणाऱ्याला आपल्यावर कोणाचा भार पडत नाही याची खात्री होईल. मात्र तारांचे भाडे सर्वांना सरसकट सारखे लावले, तर पन्नास युनिट वापरणाऱ्या घराचे कंबरडे मोडेल. ते जोडणीच्या क्षमतेप्रमाणे, म्हणजे मंजूर भाराप्रमाणे चढते असावे आणि सर्वांत लहान जोडणीला त्यातून जवळजवळ मुक्त ठेवावे. जे संच आधीच बसले आहेत, त्यांच्या अटी ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलू नयेत. नव्यांसाठी बदल टप्प्याटप्प्याने आणि आधी जाहीर करून व्हावेत. कॅलिफोर्नियासारखा एका दिवसाचा कडेलोट टाळण्याचा तोच उपाय आहे.

लहान ग्राहकाला द्यायची सवलत उद्योगाच्या बिलातून काढण्याचे दिवस सरत आले असतील, तर ती सरकारने अर्थसंकल्पातून उघडपणे द्यावी. अशी सवलत जाहीर केल्यास तिची रक्कम आगाऊ भरण्याची तरतूद कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहेच. वेळेनुसार दर लागू करताना पहिले वर्ष घरगुती ग्राहकाला केवळ दुपारची सूट द्यावी आणि संध्याकाळचा अधिभार लावू नये. सवय लागायला वेळ लागतो. भाडेकरू आणि इमारतींतील रहिवाशांना सामाईक सौर प्रकल्पात भागीदार होण्याची सोय झाली, तर छप्पर नसणे हा अपराध ठरणार नाही.

हे निर्णय ज्या जनसुनावणीत होतात, तेथे उद्योगांचे प्रतिनिधी तयारीने येतात आणि घरगुती ग्राहकांच्या खुर्च्या मोकळ्या राहतात. प्रस्ताव शेकडो पानांचा, इंग्रजीत आणि आकडेवारीने भरलेला असतो. त्याचा मराठी व कोकणी सारांश, नमुना बिलांसह, सुनावणीपूर्वी प्रत्येक उपविभागीय कार्यालयात आणि पंचायतीत उपलब्ध झाला, तर आयोगालाही शंभर युनिटांच्या ग्राहकाची बाजू ऐकू येईल. सुनावणीत जो बोलत नाही, त्याच्या वाट्याचा खर्च दुसराच कोणीतरी ठरवतो. पुढचा दर प्रस्ताव येईल तेव्हा ‘किती वाढ’ एवढे विचारून भागणार नाही. ‘कोणाच्या वापराचा खर्च कोणाच्या बिलात’ हे विचारावे लागेल.